विश्लेषण : अणुदुर्घटनेची धास्ती गोंदियापर्यंत कशी पोहोचते? प्रत्यक्ष धोका किती आणि अफवा किती?

मे २०२५. ‘ऑपरेशन सिंदूर’नंतरचा तो आठवडा. पाकिस्तानातील सरगोधाजवळच्या किराना हिल्समध्ये अणुसाठ्यावर हल्ला झाला, किरणोत्सर्ग बाहेर पडला, वारा भारताकडे वळला असे संदेश देशभरातील मोबाइलवर फिरत होते. गोंदियापासून ही जागा सरळ रेषेत तेराशे-चौदाशे किलोमीटरवर आहे. तरीही संदेशाचा प्रवास अंतर पाहून होत नाही. १२ मे रोजी एअर मार्शल ए. के. भारती यांनी पत्रकार परिषदेत किराना हिल्सवर हल्ला केलेला नाही, असे स्पष्ट केले. पुढच्या काही दिवसांत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही (आयएईए) पाकिस्तानातील कोणत्याही अणुकेंद्रातून गळती झालेली नसल्याचे सांगितले. अफवा विझली. भीती मात्र पूर्ण गेली नाही. महिनाभरात इराणच्या नतान्झ, इस्फहान आणि फोर्दोवर हल्ले झाले आणि तोच प्रश्न पुन्हा वर आला : असे काही झालेच तर आपल्यापर्यंत काय येईल?

पूर्व विदर्भातील धानाच्या जिल्ह्यासाठी या प्रश्नाचे उत्तर दिल्ली-मुंबईच्या उत्तरापेक्षा वेगळे आहे.

गोंदियापासून सर्वात जवळची अणुभट्टी कोणती?

राज्यातील एकमेव अणुवीज केंद्र तारापूर. १९६९ मध्ये सुरू झालेले हे केंद्र गोंदियापासून सुमारे ८०० किलोमीटरवर आहे. गुजरातमधील काकरापार सातशेच्या आसपास, राजस्थानातील रावतभाटा सहाशेच्या घरात. कर्नाटकातील कैगा आणि तमिळनाडूतील कल्पक्कम त्याहून दूर. थोडक्यात, आज चालू असलेली एकही अणुवीज भट्टी गोंदियाच्या ५०० किलोमीटरच्या परिघात नाही.

पण नकाशावर आणखी एक ठिपका आहे, ज्याची गोंदियात फारशी चर्चा होत नाही. मध्य प्रदेशच्या मंडला जिल्ह्यातील चुटका. गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला जाणाऱ्या रेल्वेने ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना हा मुलूख परका नाही. नर्मदेवरील बरगी धरणाच्या जलाशयाकाठी ७०० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या येथे प्रस्तावित आहेत. गोंदिया शहरापासून सरळ रेषेत अंतर सुमारे १५० किलोमीटर. जागेला तत्त्वतः मंजुरी २००९ मध्ये मिळाली. २०१३ मध्ये जनसुनावणी दोनदा पुढे ढकलावी लागली. अखेर ती १७ फेब्रुवारी २०१४ रोजी मोठ्या बंदोबस्तात झाली. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशी बनावटीच्या दहा अणुभट्ट्यांना एकत्रित मंजुरी दिली, त्या यादीत चुटकाच्या दोन्ही भट्ट्या आहेत.

तिथल्या विरोधाचे कारण केवळ किरणोत्सर्गाचे भय नाही. बरगी धरणामुळे १६२ गावे बाधित झाली. त्यातील अनेक आदिवासी कुटुंबांनी एकदा घर सोडले आहे, आता त्याच जलाशयाच्या काठावरून पुन्हा उठायला सांगितले जात आहे. त्यात २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप लोकांच्या लक्षात आहे. ५.८ तीव्रतेच्या त्या धक्क्याने जबलपूर-मंडला पट्ट्यात मोठी पडझड झाली होती. नर्मदा-सोन भ्रंशरेषेच्या इतक्या जवळ अणुभट्टी का, हा प्रश्न आंदोलक विचारत आहेत. तो विचारण्यासारखाच आहे. भूकंपरोधक आराखडा केला जातो, हे त्याचे अर्धे उत्तर झाले. आराखडा नेमका किती तीव्रतेचा धक्का धरून केला आहे, हे मंडल्याच्या शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत सांगणे, हे उरलेले अर्धे.

चुटक्यात अपघात झाला तर पाणी वैनगंगेत येईल का?

नाही. ही भीती सर्वात सहज दूर होण्याजोगी आहे. चुटका नर्मदेच्या खोऱ्यात आहे आणि नर्मदा पश्चिमेला गुजरातकडे जाते. गोंदियाची वैनगंगा उगम पावते शिवनी जिल्ह्यात आणि बालाघाटवरून दक्षिणेकडे येते. दोन्ही खोऱ्यांच्या मध्ये सातपुड्याची पाणलोट रेषा आहे. बरगीचे पाणी उताराने गोंदियात येऊ शकत नाही.

उरतो हवेचा मार्ग. तो किती गंभीर ठरेल, हे तीन गोष्टींवर अवलंबून असते. भट्टीच्या बाहेर नेमके किती पडले, त्या दिवशी वारा कुठे वाहत होता आणि वाटेत पाऊस पडला का. पावसाळ्यात या भागात वारे प्रामुख्याने नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतात, म्हणजे चुटक्यावरून निघालेली हवा गोंदियापासून दूर जाण्याची शक्यता जास्त. हिवाळ्यात उत्तर आणि ईशान्येचे वारे असतात, तेव्हा चित्र उलटे.

पावसाचा मुद्दा चेर्नोबिलने शिकवला. २६ एप्रिल १९८६ च्या त्या स्फोटानंतर भट्टीपासून सुमारे २०० किलोमीटरवर, बेलारूस आणि रशियाच्या सीमेवर, सिझियमचे प्रमाण मधल्या अनेक गावांपेक्षा जास्त सापडले. ढग वरून जात असताना तिथे पाऊस पडला, एवढेच कारण. म्हणून ‘दीडशे किलोमीटर म्हणजे निर्धोक’ असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

पण चेर्नोबिलची भट्टी आणि चुटक्यात प्रस्तावित भट्टी एकाच तराजूत तोलणेही चुकीचे. चेर्नोबिलच्या भट्टीभोवती काँक्रीटचे बंदिस्त कवच नव्हते, आत ग्रॅफाइट होते आणि ते दहा दिवस जळत राहिले. ७०० मेगावॅटची देशी भट्टी जड पाण्यावर चालते, तिच्याभोवती पोलादी अस्तर असलेले कवच असते. याच प्रकारच्या भट्ट्या काकरापार आणि रावतभाटा येथे सुरू झाल्या आहेत. या भट्टीचा खरा कस लागतो तो बंद केल्यानंतर. साखळी प्रक्रिया थांबली तरी इंधनातील उष्णता एकदम थांबत नाही. पहिल्या क्षणी ती पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते, म्हणजे शंभराहून अधिक मेगावॅट. ती काढून नेण्यासाठी थंडावा देणारे पाणी सतत फिरत राहावे लागते. फुकुशिमात नेमके हेच थांबले. भूकंपाने बाहेरची वीज गेली, त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडाले. देशी ७०० मेगावॅट भट्टीत वीज गेल्यावरही नैसर्गिक अभिसरणाने उष्णता काढणारी व्यवस्था आहे, ती याच धड्यामुळे महत्त्वाची ठरते.

१५० किलोमीटरवर राहणाऱ्याने काय करायचे असते?

भारतीय नियमांनुसार अणुकेंद्राभोवती १६ किलोमीटरचा परिसर आणीबाणी नियोजन क्षेत्र मानला जातो. तिथली योजना जिल्हाधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली असते, दर दोन वर्षांनी तिची रंगीत तालीम घ्यावी लागते. चुटका झालेच तर हे क्षेत्र मध्य प्रदेशातच संपेल. महाराष्ट्राचा त्यात संबंध येत नाही.

आयएईएची मार्गदर्शक अंतरे मात्र आणखी लांब जातात. मोठ्या भट्टीसाठी पहिले तीन ते पाच किलोमीटर तातडीने रिकामे करायचे, १५ ते ३० किलोमीटरपर्यंत घरात थांबणे, आयोडिनच्या गोळ्या किंवा स्थलांतर यांची तयारी ठेवायची, १०० किलोमीटरपर्यंत जमिनीवरील किरणोत्सर्ग मोजून निर्णय घ्यायचा. आणि ३०० किलोमीटरपर्यंत? तिथे माणसे हलवायची नसतात. दूध, पालेभाज्या, पावसाचे साठवलेले पाणी, चारा आणि बाजारात जाणारा माल यांच्यावर लक्ष ठेवायचे असते.

गोंदिया याच शेवटच्या पट्ट्यात येतो. ट्रेन पकडून नागपूरला पळण्याची वेळ येण्याची शक्यता अगदी कमी. पण गाईला बाहेर चरायला सोडायचे की गोठ्यातला कोरडा चारा द्यायचा, मामा तलावातली मासळी विकायची की थांबायचे, घरच्या बागेतला पालक खायचा का, हे प्रश्न खरे ठरू शकतात.

ते किरकोळ वाटतात, पण चेर्नोबिलच्या मुलांचे आयुष्य याच प्रश्नांवर ठरले. आयोडिन-१३१ गवतावर पडते, गाय ते खाते, दुधातून ते मुलांच्या थायरॉइड ग्रंथीत साठते. त्याचे अर्धे आयुष्य अवघे आठ दिवसांचे. काही आठवडे ताजे दूध बंद ठेवले असते तर मोठा भाग टळला असता. ते झाले नाही, कारण लोकांना वेळेत सांगितले गेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीनुसार बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत तेव्हा १८ वर्षांखाली असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे ६ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. बहुतेक वाचले. पण गळ्यावरची शस्त्रक्रियेची खूण आणि आयुष्यभराची गोळी राहिली.

आयोडिनच्या गोळीबाबतही गैरसमज बरेच. ती फक्त थायरॉइडला आणि फक्त किरणोत्सारी आयोडिनपासून वाचवते. सिझियमवर तिचा काही उपयोग नाही. सांगितल्याशिवाय घेतली तर अपाय होऊ शकतो. आयोडिनयुक्त मीठ जास्त खाऊन हे संरक्षण मिळत नाही. मार्च २०११ मध्ये चीनमधील शहरांत फुकुशिमाच्या भीतीने मिठासाठी रांगा लागल्या आणि दुकाने रिकामी झाली. त्या मिठाने कोणाचेही रक्षण झाले नाही, रक्तदाब वाढला असेल तर तेवढाच.

धानाच्या जिल्ह्याला फुकुशिमाकडून काय शिकता येईल?

फुकुशिमा हाही भाताचा प्रांत. गोंदियाची ओळख राइस सिटी, जिल्ह्याच्या अर्थकारणाची चाके राइस मिलवर फिरतात. त्यामुळे तिथे भाताचे काय झाले, हे इथे बारकाईने वाचण्यासारखे आहे.

अपघातानंतर जपानने अन्नातील सिझियमची मर्यादा किलोला १०० बेकरेल अशी कडक केली. २०१२ च्या हंगामापासून फुकुशिमा प्रांतातील भाताचे प्रत्येक पोते तपासायचे ठरले. नमुना नव्हे, प्रत्येक पोते. पट्ट्यावरून जाणारे ३० किलोचे पोते यंत्राखालून सरकते, आकडा येतो, शिक्का बसतो. वर्षाला सुमारे एक कोटी पोती. पहिल्या वर्षी मर्यादा ओलांडणारी पोती शंभराहूनही कमी निघाली. २०१५ पासून एकही नाही. शेतात पोटॅश टाकून पिकाने सिझियम शोषणे कमी करण्याचा उपायही उपयोगी पडला. २०२० पासून बहुतेक भागांत पुन्हा नमुना तपासणी सुरू झाली.

तरीही फुकुशिमाच्या तांदळाचा भाव अनेक वर्षे राष्ट्रीय सरासरीच्या खाली राहिला. तांदूळ स्वच्छ, यंत्राचा शिक्का आहे, पण पिशवीवरचे नाव वाचून गिऱ्हाईक दुसरी पिशवी उचलते. जपानीत यासाठी ‘फूह्यो हिगाई’ असा शब्द आहे, म्हणजे बदनामीमुळे होणारे नुकसान. त्याची भरपाई मागायला शेतकऱ्याने जायचे कुठे, हा वादाचा विषय राहिला. सरकारी धान खरेदी केंद्रावर ओलाव्याच्या टक्क्यावरून होणारी ओढाताण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना किरणोत्सर्गाचा प्रत्यक्ष कण न येताही ‘त्या भागातला माल’ या एका शिक्क्याने काय होऊ शकते, याची कल्पना करता येईल.

जंगलाचे गणित वेगळे. शेत नांगरता येते, पोटॅश टाकता येते. जंगलात सिझियम पालापाचोळ्यात अडकते आणि फिरत राहते. जपानमध्ये रानातली अळंबी, बांबूचे कोंब आणि रानडुकराचे मांस यांवरील निर्बंध भाताच्या कितीतरी नंतरपर्यंत टिकले. नवेगाव-नागझिऱ्याच्या आसपासच्या गावांत जंगलावर चालणारी चूल मोठी आहे. तिथली काळजी शेतीवाल्यापेक्षा जास्त असेल, कमी नाही.

मग धोका किरणोत्सर्गाचा जास्त की भीतीचा?

दोन्हींची बेरीज करता येत नाही, पण नोंदी पाहता येतात. फुकुशिमात तीव्र किरणोत्सर्गाने एकाही सामान्य नागरिकाचा मृत्यू झाला नाही. त्याच प्रांतात स्थलांतर, उपचारांत पडलेला खंड, निवाऱ्यातील हाल आणि आत्महत्या यांमुळे झालेले, सरकारने आपत्तीशी संबंधित म्हणून मान्य केलेले मृत्यू २,३०० हून अधिक आहेत. रुग्णालये आणि वृद्धाश्रम घाईघाईत रिकामे केल्याने दगावलेले वृद्ध त्यात मोठ्या संख्येने आहेत. चेर्नोबिलचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मंचानेही २००५ मध्ये मानसिक आरोग्य हा अपघाताचा सर्वात मोठा सार्वजनिक आरोग्यविषयक परिणाम असल्याचा निष्कर्ष काढला.

अमेरिकेतील थ्री माइल आयलंडची गोष्ट तर अधिक बोलकी. मार्च १९७९ मधील त्या अपघातानंतर गव्हर्नरनी पाच मैलांच्या आतील गर्भवती महिला आणि लहान मुलांनाच बाहेर जाण्याचा सल्ला दिला. ती संख्या काही हजारांची. प्रत्यक्षात घर सोडून निघाले सुमारे १ लाख ४० हजार लोक. ब्राझीलच्या गोइयानिया शहरात १९८७ मध्ये भंगारातून सिझियमचा स्रोत बाहेर आला, तेव्हा तपासणीसाठी स्टेडियममध्ये १ लाख १२ हजारांहून अधिक लोक आले. प्रत्यक्ष बाधित निघाले २४९. अनेकांना केवळ धसक्याने उलट्या आणि अंगावर पुरळ येत होते. त्यांना खोटे ठरवणे सोपे आहे. शरीराने दिलेली ती लक्षणे मात्र खरी होती.

याचा अर्थ ‘भीती बाळगू नका’ असा सल्ला पुरतो, असा नाही. किरणोत्सर्ग दिसत नाही, वास येत नाही, परिणाम वर्षांनंतर होतो आणि माहिती ज्यांच्याकडे आहे, त्यांचा कारभार पिढ्यानपिढ्या गोपनीय. अशा गोष्टीला माणूस घाबरतो, त्यात अडाणीपणा नाही. तिरोड्याच्या ३,३०० मेगावॅटच्या कोळसा केंद्राची राख डोळ्यांना दिसते, तिची तक्रार करता येते. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या भंडाऱ्यातील आयुधनिर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले, त्याचा आवाज गावांनी ऐकला. अणूच्या बाबतीत ऐकायला-पाहायला काही नसते, म्हणून फॉरवर्ड केलेला संदेशच पुरावा ठरतो.

आकड्यांचा अंदाज असला तर निदान संदेशाला प्रश्न विचारता येतो. जगात माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. छातीच्या एका सीटी स्कॅनमध्ये साधारण सहा-सात. कर्करोगाची वाढ आकडेवारीत स्पष्ट दिसू लागते ती १०० च्या आसपास आणि वर. ‘किरणोत्सर्ग दसपट वाढला’ असा संदेश आला तर पहिला प्रश्न : दसपट म्हणजे किती, आणि किती वेळासाठी?

जिल्ह्याची तयारी कुठे आहे?

७ मे २०२५ च्या ‘ऑपरेशन अभ्यास’मध्ये महाराष्ट्रातील १६ ठिकाणी नागरी संरक्षणाची तालीम झाली. तारापूर पहिल्या श्रेणीत होते. विदर्भातील एकही ठिकाण त्या यादीत नव्हते. युद्धाच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. पण त्यामुळे गोंदियातील शाळकरी मुलाने अशी तालीम फक्त रीलमध्ये पाहिली.

आपत्ती सीमेपलीकडून कशी येते, हे जिल्ह्याने ऑगस्ट २०२० च्या शेवटी अनुभवले आहे. मध्य प्रदेशातील मुसळधार पावसानंतर संजय सरोवरातून पाणी सोडले गेले, वैनगंगा फुगली आणि गोंदिया, भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत पूर आला. दोन राज्यांत वेळेवर समन्वय होतो का, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. पुराचे पाणी निदान काही तासांची सवड देते आणि पुलावरून दिसते.

माहितीचे मार्ग आता पूर्वीपेक्षा बरे आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राचे पर्यावरणीय किरणोत्सर्ग मोजणारे जाळे देशभर पसरलेले आहे. २०२३ मध्ये मोबाइलवर कर्कश आवाज करत आलेला चाचणी संदेश अनेकांना आठवत असेल, तीच सेल ब्रॉडकास्ट यंत्रणा अशा वेळी ठरावीक भागातील सर्व फोनवर सूचना पाठवू शकते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ ॲप मराठीतही सूचना देते. अधिकृत सूचना येईपर्यंतचा नियम साधा आहे : घरात थांबा, दारे-खिडक्या लावा, पंखे-कूलर बंद करा, बाहेरून आल्यास कपडे बदला, हातपाय-डोके धुवा, झाकलेले पाणी आणि बंद डब्यातील अन्न वापरा. कूलरचा मुद्दा विदर्भात मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा, कारण कूलर बाहेरचीच हवा आत ओढतो. आणि बातम्यांनीच झोप उडाली असेल, तर ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

पुढे काय?

देशाची अणुवीज क्षमता आज आठ हजार मेगावॅटहून अधिक आहे. २०४७ पर्यंत ती एक लाख मेगावॅटवर नेण्याचे केंद्राचे लक्ष्य आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ‘शांती’ विधेयकाने या क्षेत्राची दारे खासगी कंपन्यांना उघडली. एप्रिल २०२५ मध्ये महानिर्मितीने थोरियमवर चालणाऱ्या छोट्या अणुभट्टीसाठी रशियाच्या रोसाटॉमशी सामंजस्य करार केला. म्हणजे पुढच्या वीस वर्षांत अणुभट्ट्या आजच्यापेक्षा जास्त ठिकाणी आणि जास्त जवळ असतील, चुटका झाले किंवा न झाले तरी.

जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात पूर, वीज कोसळणे, उष्माघात आणि वणवा यांना जागा असणे स्वाभाविक आहे. सीमेपलीकडे भट्टी उभी राहणार असेल, तर मंडला-जबलपूरकडून गोंदियाला सूचना कोणत्या अधिकाऱ्याकडे आणि किती मिनिटांत येईल, दुधाचे आणि तलावाच्या पाण्याचे नमुने कोण गोळा करेल आणि ते कोणत्या प्रयोगशाळेत जातील, आजचे दूध विकायचे की नाही हे गावातल्या डेअरीला संध्याकाळच्या संकलनाआधी कोण सांगेल, ही उत्तरे लिहून ठेवायला भट्टी पूर्ण होण्याची वाट पाहावी लागत नाही. भट्टीत इंधन भरण्याआधी परिसराची आणीबाणी योजना तयार असावी लागते. ती १६ किलोमीटरची असेल. उरलेल्या १३४ किलोमीटरसाठी महाराष्ट्राने मागणी केली तरच काही लिहिले जाईल.